वाजल्याशिवाय फोटो नाही

पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला त्याच वर्षी, म्हणजे २०१४ साली, नवशी धोदडेही वेगळी झाली. फरक इतकाच की जिल्ह्यासाठी भाषणं झाली आणि नवशीसाठी कोणी चहाही मागवला नाही. अण्णांनी काउंटरच्या खालच्या कप्प्यातून आपला जुना डीएसएलआर काढला, त्याचा पट्टा तिच्या गळ्यात अडकवला आणि सांगितलं, आजपासून पाड्यांवरची लग्नं तुझी. एवढ्यावर बारा वर्षांची नोकरी संपली आणि धंदा सुरू झाला.

अण्णांचा फोटो स्टुडिओ डहाणू रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर. नवशी तिथे आली ती झाडू मारायला. मग ती मागचे पडदे बदलायला लागली, मग छत्रीवाला दिवा धरायला, आणि एक दिवस अण्णा जेवायला गेलेले असताना तिने एका मास्तरांचा ओळखपत्राचा फोटो परस्पर काढून टाकला. अण्णा आले, चिडले, फोटो पाहिला आणि तोच छापायला घेतला. ओळखपत्राच्या फोटोत माणूस नुकताच पकडून आणल्यासारखा दिसावा, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. नवशीच्या फोटोत मास्तर चक्क मास्तर दिसत होते. तेव्हापासून ओळखपत्रं तिच्याकडे लागली.

पुढे अण्णांचे गुडघे गेले. तलासरीकडच्या पाड्यांवर रस्ता सोडून दोन-दोन मैल चालावं लागतं, ते त्यांना जमेना. मुलगा देवेश पाड्यावर पाऊल ठेवायला तयार नव्हता. त्याचा मुलूख म्हणजे नरपड आणि चिखल्याचा किनारा, सुरूच्या बनात हात धरून पळणारी मुंबईची जोडपी आणि त्यांची लग्नाआधीची चित्रं. राहिली नवशी. तिचा पाडा तलासरीच्या अलीकडे, नवरा आठ महिने बोटीवर खलाशी, आणि पायांना चालायची सवय. लोक म्हणाले, बाई काय फोटो काढणार? नवशीने उलट विचारलं, कॅमेऱ्याला मिशी लागते का? मग लोक म्हणाले, झाडूवालीच ना ती. त्यावर ती म्हणाली की झाडू मारला म्हणूनच कुठल्या कोपऱ्यात काय पडलेलं असतं ते मला दिसतं. तिच्याशी वाद घालायचा तर माणसाने घरून जेवून निघावं.

कॅमेरा म्हणाल तर तो तेव्हाच म्हातारा होता. अंगावरचं रबर निघालेलं, तिथे नवशीने सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. मागची काच काडेपेटीहून थोडी मोठी. उजेड कमी झाला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे यायचे. पण तो वाजायचा. बटण दाबलं की आतला आरसा वर उडायचा, खाली आपटायचा, आणि खटॅक असा आवाज अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. चिकूच्या वाडीत फोटो काढला तर पाखरं उठायची.

आणि पाड्यावर त्या आवाजाला मान होता. आमच्याकडे फोटो काढत नाहीत, फोटो वाजवतात. अण्णांच्या जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यापासूनची ही रीत. कॅमेरा समोर आला की माणूस आधी घरात जाणार, केसांना तेल लावणार, चांगलं लुगडं नेसणार, मग येऊन उभं राहणार आणि श्वास रोखणार. खटॅक झालं की श्वास सुटणार. तोवर कोणी पापणीही लववणार नाही. वाजायच्या आधी माणूस स्वतःचा, वाजला की त्याने दिला. नवशीची आत्या, काळी आते, तर पाटावर गुडघे जुळवून बसायची, डोईवरचा पदर दोनदा सारखा करायची आणि एखाद्या न्यायाधीशासारखी परवानगी द्यायची, "हां, वाजव आता."

ह्या काळी आतेनेच नवशीला वाढवलं होतं. आई लवकर गेली, बाप वीटभट्ट्यांवर, तेव्हा पेजेला आणि माराला दोन्हीला आतेच. त्यामुळे जगात नवशी कोणाला वचकून असेल तर ह्या एका बाईला.

चार वर्षं अशी बरी गेली. २०१८च्या एप्रिलमध्ये देवेशने मुंबईहून नवा कॅमेरा आणला. मुठीत मावेल एवढा, साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा. नवशीला वाटलं, पर्यटकांच्या गळ्यात लोंबतो तसला काही तरी असेल. देवेशने तिला समजावलं की दिसण्यावर जाऊ नकोस. छोट्या कॅमेऱ्यात सेन्सर, म्हणजे उजेड पकडणारी काच, नखाएवढी असते. ह्यात मात्र तुझ्या त्या डबड्यात आहे तेवढीच मोठी काच घातलीय, आणि दहा वर्षांनी नवी. आरसा नाही म्हणून आकार छोटा. झूम नाही, जवळ जायचं तर पायांनी जायचं. आणि आवाज? आवाज नाहीच. देवेशने तिच्या कानाशी धरून चार फोटो काढले, तिला एकही ऐकू आला नाही. तो म्हणाला, आता ते खटॅक-खटॅक सोडून दे, लोक दचकतात.

नवशी हटली नाही. आपल्या म्हाताऱ्या कॅमेऱ्याला हिणवलेलं तिला सहन होत नसे. शेवटी अण्णांनीच तोडगा काढला. दोन्ही कॅमेऱ्यांनी तिने तेच फोटो काढायचे, एक स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, एक सरावलीच्या वाडीत भर उन्हात. अण्णांनी सारखेच मोठे कागद छापले, पाठीवर पेन्सिलीने खूण केली आणि काउंटरवर मांडून म्हणाले, सांग आता, बरा कुठला? नवशीने चष्मेवाल्यासारखं वाकून वाकून पाहिलं. पडद्याच्या सावलीतली वीण एका फोटोत धाग्याधाग्याने दिसत होती, दुसऱ्यात तिचा चिखल झाला होता. उन्हातल्या फोटोत एकात पानांवरचा उजेड नुसता पांढरा, दुसऱ्यात त्या पांढऱ्याच्या आतही हिरवं. तिने बोट ठेवलं. अण्णांनी कागद उलटला. दोन्ही वेळा तिने छोट्याला निवडलं होतं.

देवेश हसला. नवशीने मान्य केलं, कारण खोटं बोलणं तिला जमत नसे. ती म्हणाली, बरा आहे, पण. पणच्या पुढे तिला काही सुचलं नाही. पुढचं चैत्याच्या पोरीच्या लग्नात कळलं.

चैत्या तिच्याच पाड्यावरचा शेतकरी, घरात पहिलं लग्न. मे महिना, अंगणात पानांचा मांडव, आत वऱ्हाडाची ही दाटी. देवेशने आग्रहाने दिलेला छोटा कॅमेरा नवशीने त्या दिवशी पहिल्यांदा कामाला काढला. नवऱ्याकडची पस्तीस माणसं तीन रांगांत उभी केली, मधोमध नवरा-नवरी, बाजूला नवऱ्याचा काका जिव्या, छाती काढून. नवशीने फोटो काढला. मग दुसरा, तिसरा, जवळ जाऊन चौथा. अकरा झाले. बस्स, छान आले, असं म्हणून ती वळली आणि तिच्या लक्षात आलं की मागे कोणी हललेलंच नाही. पस्तीस माणसं श्वास रोखून उभी. एक तान्हं रडायला लागलं, तरी त्याच्या आईने मान वळवली नाही. जिव्याच्या कपाळावरून घामाची धार डोळ्यात उतरली, त्याने पुसली नाही. दात न उघडता तो म्हणाला की बाई, वाजव लवकर.

नवशीने सांगितलं, झाले की काढून. कोणी मानेना. तिने मागच्या काचेवर फोटो दाखवले. लोकांनी पाहिले, आपली तोंडं ओळखली आणि तरी माना हलवल्या. नवरीच्या आजीने विचारलं की कोंबडी ओरडली नाही तर अंडं कुठून आलं? शेवटी जिव्याने निकाल दिला. "आम्ही वाजायची वाट बघत उभं होतो. ह्या फोटोत आम्ही थांबलेलेच दिसू. पोरं मोठी होतील नि इचारतील, ही माणसं कोणाची वाट बघतात?"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट, पण आठ दिवसांनी छापील फोटो हातात आले तेव्हा नवशी हसली नाही. जिव्या खरं बोलला होता. छोट्याच्या फोटोत एकेका चेहऱ्याचं कातडं, घामाचे मणी, बाशिंगाचा कागद, सगळं लखलखीत होतं, आणि पस्तीसच्या पस्तीस माणसं ताटकळलेली. नंतर तिने पिशवीतून म्हातारा काढून वाजवला होता, त्या फोटोत सावल्यांत रवा सांडलेला, पण माणसं आपण होऊन उभी होती. दोन्ही फोटो तिने अण्णांसमोर ठेवले आणि आपला अर्धा राहिलेला तो 'पण' पूर्ण केला. अण्णांनी दोन्ही पाहिले आणि म्हणाले, ह्याचं मोजमाप कुठल्या पुस्तकात नाही गं.

देवेशकडे मात्र उपाय तयार होता. कॅमेऱ्याच्या सेटिंगच्या यादीत आवाजाचं कलम होतं, त्याने ते चालू करून दिलं. आता बटण दाबलं की आतून टुक् व्हायचं. पाड्यावर लोकांनी ते चालवून घेतलं, थोडं नाराजीने. पिल्लू आहे, मोठं झालं की वाजेल नीट, असं म्हणून. नवशीनेही चालवून घेतलं. छोटा हलका होता, मानेला आराम होता, आणि अंधाऱ्या झोपडीत जे फोटो यायचे ते पाहून तिचा जीव सुखावायचा. माणूस चांगल्या हत्याराला वश होतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मग नोव्हेंबरमध्ये जमीन हलायला लागली. तलासरी आणि डहाणूच्या पूर्वेकडच्या गावांत धक्के सुरू झाले, आज एक, उद्या तीन. भांडी फडताळावरून पडायची, कुडाच्या भिंतींना भेगा जायच्या, आणि लोक थंडीत अंगणात झोपायचे. शास्त्रज्ञ आले, साहेब आले, तंबू आले. फेब्रुवारीत एक मोठा धक्का बसला आणि काळी आतेच्या घराची मागची भिंत आत कोसळली ती नेमकी कणगीवर. वर्षाचं भात त्या कणगीत होतं. कणगी फुटली आणि भात, माती, शेण एक झालं.

त्याच सुमारास मुंबईची एक संस्था मदत घेऊन आली. तिच्या स्वप्ना मॅडम, पस्तिशीच्या, खरंच कळवळा असलेल्या बाई, देवेशकडे आल्या. घरोघरच्या हालाचे फोटो त्यांना हवे होते, म्हणजे मुंबईत दाखवून आणखी मदत गोळा करता येईल. एकच अट, लोक उभे राहून पोझ देतात तसे नकोत, नैसर्गिक हवेत. देवेशने काम नवशीला दिलं, कारण ह्या पाड्यांवर कुत्रं तिच्यावर भुंकत नाही. कॅमेरा देताना त्याने यादीतलं आवाजाचं कलम बंद केलं. नवशीने ते पाहिलं. पाहिलं आणि काही बोलली नाही. आयुष्यभर फटकळ म्हणून नाव मिळवलेल्या बाईने नेमक्या त्या वेळी तोंड मिटलं, हे लिहून ठेवायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आतेकडे गेली. भाची म्हणूनच गेली होती, पण मुठीत कॅमेरा होता. काळी आते पडक्या भिंतीपाशी जमिनीवर बसली होती. पुढ्यात सूप, सुपात माती मिसळलेलं भात. ती एकेक दाणा निवडत होती आणि रडत होती, आवाज न करता. केस सुटलेले, पदर मातीत. कोसळलेल्या भिंतीतून आलेलं ऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडलं होतं. नवशीने कॅमेरा छातीशी धरला आणि बटण दाबलं. आतेला कळलं नाही. मग नवशी जवळ गेली, शेजारी बसली, आणि दोघींनी दुपारपर्यंत भात निवडलं.

संध्याकाळी स्टुडिओत तो फोटो पडद्यावर उघडला तेव्हा नवशीला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं? तिच्या हातून आजवर निघालेला तो सगळ्यात चांगला फोटो होता. गालावरच्या ओल्या रेषेत अडकलेली माती दिसत होती. अण्णा मागून वाकून पाहत होते. देवेशने मात्र तिच्या पाठीवर थाप मारली. म्हाताऱ्या डबड्याने हा मिळाला असता का? नसता, असं तिनेही कबूल केलं.

महिन्याभराने तलासरीच्या मैदानात संस्थेने ताडपत्र्या आणि खाटा वाटल्या. मांडव, खुर्च्या, रांगेसाठी बांबू. आणि मांडवाच्या दर्शनी बाजूला बारा फुटी फ्लेक्स. त्यावर काळी आते, केस सुटलेले, पदर मातीत, अश्रू तळहाताएवढे. खाली अक्षरं होती की हिचं घर तुम्ही उभं करू शकता. काळी आते स्वतः रांगेत उभी होती, ताडपत्रीसाठी. आधी तिने ओळखलंच नाही. पुढच्या बाईने वर पाहिलं, मागे वळून पाहिलं, परत वर पाहिलं, तेव्हा तिला कळलं. पाच गावांची माणसं त्या रांगेत होती. आतेने रांग सोडली, ताडपत्री घेतली नाही, आणि चालत घरी गेली.

नवशी बाहेरचं काम उरकून घरी पोचली तेव्हा आते आधीच येऊन नवशीच्या ओट्यावर बसली होती. केस चापून बांधलेले. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, त्याने नवशी जास्त हबकली. आते एवढंच म्हणाली, "माझं तोंड तिकडं टांगलंय. उतरून आण."

पाड्यावर बातमी पोचलीच होती. लाडकीने, जिच्या पाचही पोरांचे बारशाचे फोटो नवशीने काढले होते, तिला वाटेत पाहिलं आणि पदर ओढून घेतला. रूपी दार लावून आत गेली. नवशीच्या हातात त्या वेळी कॅमेराच नव्हता. पण तिचे डोळेच आता कॅमेरा झाले होते, न वाजणारा. तिला कळलं की आज ते तोंड खाली आलं नाही तर ह्या पाड्यावर कोणी आपल्यासमोर परत कधी श्वास रोखणार नाही, आणि ते बरोबरच असेल. आणि मांडवातून परतलेली माणसं सांगत होती की संध्याकाळी फ्लेक्स गुंडाळून मुंबईच्या प्रदर्शनात जाणार आहे.

ती तशीच तलासरीच्या मैदानाकडे निघाली. मैदानात वाटप चालू होतं. देवेश पहिल्या रांगेत खुर्चीवर होता. नवशीने सरळ जाऊन सांगितलं की फ्लेक्स उतरवा. देवेशला वाटलं ती गंमत करतेय. मग त्याने हळू आवाजात समजावलं, मग जरा मोठ्याने. कॅमेरा स्टुडिओचा, कार्ड स्टुडिओचं, काम स्टुडिओचं. तू फक्त बटण दाबलंस. नवशी म्हणाली की हो, दाबलं मी, म्हणून तर मीच आले.

स्वप्ना मॅडम धावत आल्या. त्यांनी हात जोडून सांगितलं की ह्या एका फोटोमुळे दोनशे घरांना ताडपत्री मिळाली, अजून मिळणार आहे. तुमच्याच माणसांसाठी चाललंय हे. बाईंचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. रांगेतली माणसं खाटा डोक्यावर घेऊन जाताना तिला दिसत होती. मग तिने सांगितलं की मॅडम, भिंत पडली ती दाखवा, कणगी फुटली ती दाखवा, माझं घर दाखवा, त्यालाही भेग आहे. तोंड तिचं आहे, ते तिने दिलेलं नाही.

"अगं पण म्हणूनच तो फोटो आला," देवेश वैतागून म्हणाला. "तुझं ते डबडं असतं तर तिला ऐकू गेलं असतं."

"हो, गेलं असतं. तेच सांगतेय मी."

देवेशने कपाळावर हात मारला. आवाजाचं एवढंच असेल तर तो चालू करता येतो, एक बटण आहे, पुढच्या वेळी चालू ठेवू, त्यासाठी तमाशा कशाला, असं तो म्हणाला. नवशीने त्याच्याकडे पाहिलं. ज्या पोराला तिने कधी काळी शाळेचा डबा पोचवला होता त्याला ती मालकाचा मुलगा म्हणून नेहमी तुम्ही म्हणायची. त्या दिवशी ते गळून पडलं. "जो आवाज तुझ्या बोटाने बंद होतो, त्याच्यावर माझ्या आतेने भरवसा ठेवायचा? माझा म्हातारा मुका होऊच शकत नाही. लपवायचं म्हटलं तरी त्याला लपवता येत नाही. तुझा कॅमेरा माझ्याच्यापेक्षा चांगला आहे, मी बोट ठेवून सांगितलंय. पण माझ्या माणसांसमोर तो मी परत धरणार नाही."

एवढं बोलून ती मांडवाच्या खांबाकडे वळली. मांडव बांधणारा हाल्या, तिच्याच ओळखीतला, आपल्या शिडीला टेकून हे सगळं ऐकत होता. त्याने शिडी उचलली, फ्लेक्सच्या डाव्या कोपऱ्याशी लावली आणि पायाने दाबून धरली. नवशीने लुगड्याचा कासोटा खोचला आणि चढली. गाठी पक्क्या होत्या, हाल्याच्याच बांधलेल्या. दोन सुटल्या, तिसऱ्या गाठीला तिने दात लावले. संस्थेचा एक माणूस पुढे आला, तेव्हा स्वप्ना मॅडमनी त्याला हाताने थोपवलं. त्या वर पाहत होत्या, तिच्याकडे नव्हे, फ्लेक्सवरच्या चेहऱ्याकडे, बहुतेक पहिल्यांदाच एवढं नीट. डावी बाजू सुटली आणि आतेचा अर्धा चेहरा दुमडला. मग शिडी उजवीकडे गेली. पाचव्या गाठीला सगळा फ्लेक्स खाली आला, आणि रांगेतल्या दोन अनोळखी बायांनी पुढे होऊन तो मातीत पडायच्या आत धरला.

नवशीने तो गुंडाळला. छोटा कॅमेरा सकाळपासून तिच्या पिशवीत होता, तो देवेशच्या हातात ठेवला. त्याने घेतला. मूळ फोटोचं काय, हे तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, बघू. पुढे अण्णांनी निरोप पाठवला की स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवरून मी स्वतः पुसलाय. मॅडमनीही आपल्याकडचा पुसल्याचं कळवलं. देवेशने आणखी कुठे ठेवलाय का, हे नवशीला आजही माहीत नाही, आणि त्या वेळी तरी तिच्या हातात होतं तेवढं तिने केलं होतं.

फ्लेक्स खांद्यावर घेऊन ती चालत निघाली. रिक्षावाल्याने विचारलं, तिने नको म्हटलं. हे ओझं चाकांवरून न्यायचं नाही असं तिच्या मनाने घेतलं होतं. रस्ता सोडून पाड्याची वाट धरली तेव्हा उन्हं कलली होती. लाडकी तिच्या अंगणात उभी होती, तिने खांद्यावरची गुंडाळी पाहिली आणि ह्या वेळी पदर ओढला नाही.

काळी आते आपल्या अंगणात होती, तंबूच्या तोंडाशी. नवशीने गुंडाळी तिच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली की आणलं. आतेने सांगितलं, उघड. नवशीला ते अपेक्षित नव्हतं. तिला वाटलं होतं आते ते जाळेल, नाही तर चुलीमागे टाकेल. तिने चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून फ्लेक्स अंगणभर पसरला. आते उठली, त्याच्या कडेकडेने पूर्ण एक फेरी मारली, आणि स्वतःच्या कपाळापाशी येऊन उकिडवी बसली. गालावरच्या मातीवरून तिने बोट फिरवलं. सुपातल्या दाण्यांवरून फिरवलं.

"बेस आलाय," ती म्हणाली. "अशीच होते मी त्या दिवशी. भात गेलं माझं, रडू नको तर काय करू? रडायची लाज नाय मला."

आते तिच्याकडे न बघताच बोलत राहिली, नेहमीच्या आवाजात, दाणे निवडावे तशी.

"तू इचारलं असतंस, आते, रडतानाचा काढू का, तर मी दिला असता. पदरसुद्धा उचलला नसता. तुला कोणी नाय म्हटलं असतं, पोरी? मी?"

नवशीने उभ्या आयुष्यात गावाला, अण्णांना, देवेशला, मुंबईच्या मॅडमला उत्तरं दिली होती. ह्या वेळी ती आतेशेजारी उकिडवी बसली आणि फ्लेक्सवर उडालेली अंगणातली माती पदराने पुसायला लागली.